वाचनालयाच्या संगणकांवर विंडोजशेजारी लिनक्स मिंट : कामाच्या नोंदी

२५ ऑक्टोबर २०२५, शनिवार

दिवाळीची सुट्टी संपून वाचनालय आज नेहमीच्या वेळेला उघडले. विंडोज १०ला सुरक्षा अपडेट मिळणे १४ ऑक्टोबरला थांबले, तेव्हा आता अभ्यासिकेतल्या संगणकांचे काय करायचे, हा विषय कार्यवाह सरांनी काढला. त्यांचा प्रश्न थेट होता : "भंगारात द्यायचे का?"

द्यायचे नाहीत, असे मी सांगितले. त्यामागची कारणे लेखी असावीत म्हणून ही वही.

मशीन चार आहेत. तीन पीसी इथल्याच दुकानातून असेंबल करून घेतलेले : चौथ्या पिढीचा आय३, चार जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क. चौथा लॅपटॉप, एका जुन्या वाचकाने मुंबईहून भेट पाठवलेला : सातव्या पिढीचा आय५, आठ जीबी रॅम, २५६ जीबीची एसएसडी. विंडोज ११ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते. म्हणजे चारही मशीन त्या दारातून आत जाऊ शकत नाहीत. पण चारही उत्तम चालतात. मुले त्यांवर जाहिराती बघतात, अर्ज भरतात, जुन्या प्रश्नपत्रिका उघडतात, टिपणे टाइप करतात. एवढ्या कामाला ही मशीन अजून पुष्कळ वर्षे पुरतील.

विंडोज पुसून टाकणेही परवडणारे नाही. ग्रंथपाल मॅडमच्या टेबलावरच्या पीसी १वर ग्रंथसूचीचे जुने सॉफ्टवेअर आहे आणि ते विंडोजवरच चालते. लेसर प्रिंटरचा ड्रायव्हरही विंडोजचाच. शिवाय युनिकोड येण्याआधीच्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेले जुने वार्षिक अहवाल आहेत. ते त्या-त्या फॉन्टशिवाय उघडले तर इंग्रजी अक्षरांचा नुसता सडा दिसतो.

म्हणून विंडोज आहे तसे ठेवायचे आणि शेजारी दुसरी प्रणाली बसवायची. इंटरनेटची सगळी कामे नव्या प्रणालीत करायची. विंडोज फक्त सूची आणि छपाईसाठी, नेटची वायर काढून.

२६ ऑक्टोबर, रविवार

कोणती प्रणाली, हे ठरवले : लिनक्स मिंट २२.२ ही मोफत प्रणाली, एक्सएफसीई या हलक्या डेस्कटॉपची आवृत्ती. ती उबुंटू २४.०४ या दुसऱ्या लिनक्स प्रणालीवर उभी आहे आणि तिला २०२९पर्यंत अपडेट मिळतील. चार जीबीत एक्सएफसीई आरामात चालते. खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, उजवीकडे घड्याळ. विंडोजवर हात बसलेल्याला काहीच नव्याने शिकवावे लागत नाही. डेबियन १३ या आणखी एका लिनक्सचाही विचार केला. ती मला मनापासून आवडते, पण इथे रोज बसणारी मुले आणि मॅडम यांच्या दृष्टीने मिंट जास्त सोयीची.

विंडोज १०ची मुदत १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत वाढवून घेण्याची सोय आहे, त्यासाठी मायक्रोसॉफ्टचे खाते जोडावे लागते. पीसी १साठी ती घ्यावी असे सरांना सुचवले आहे. बाकीच्यांना गरज नाही.

राज्यसेवा पूर्वपरीक्षा सप्टेंबरातून पुढे जाऊन ९ नोव्हेंबरला होते आहे. तोवर अभ्यासिकेतल्या कुठल्याही मशीनच्या डिस्कवर एक अक्षर लिहायचे नाही, हा नियम. मुलांचे अभ्यासाचे शेवटचे दिवस आहेत.

१ नोव्हेंबर, शनिवार

पेनड्राइव्ह तयार केला. घरच्या लॅपटॉपवर आयएसओ फाइल (प्रणालीची संपूर्ण प्रत) उतरवली, तीन जीबीच्या आसपास आहे. उतरवली एका मिरर सर्व्हरवरून (प्रती ठेवणारा दुसरा सर्व्हर), आणि तिचा शा-२५६ आकडा (फाइलीतल्या मजकुरावरून निघणारा ठसा) ताडून पाहिला प्रकल्पाच्या मूळ पानावरच्या आकड्याशी. चौसष्ट अक्षरांचा आकडा, जुळला.

एवढ्यावर थांबायचे नसते. २० फेब्रुवारी २०१६ला लिनक्स मिंटच्याच संकेतस्थळात कोणीतरी घुसले होते आणि १७.३ सिनेमन आवृत्तीच्या दुव्यावर चोरवाट घातलेली आयएसओ लावून ठेवली होती. संकेतस्थळच ज्याच्या हातात आहे तो तिथला आकडाही बदलू शकतो. म्हणून आकड्यांच्या फाइलवर प्रकल्पाची जीपीजी (डिजिटल) सही असते. ती सही तपासली, तीही बरोबर निघाली. दोन मिनिटांचे काम आहे. सार्वजनिक ठिकाणी बसवायच्या प्रणालीत ते टाळायला काही सबबच नाही.

मग १६ जीबीच्या पेनड्राइव्हवर मिंटच्याच इमेज रायटरने आयएसओ लिहिली. विंडोजवरून करायचे असेल तर रुफस हे छोटे सॉफ्टवेअर हेच काम चोख करते. पेनड्राइव्हवर आधी जे असेल ते सगळे जाते, हे लक्षात ठेवूनच कोरा घेतला होता. शेवटी त्याच पेनड्राइव्हवरून बूट करून मेनूतला माध्यम-तपासणीचा पर्याय चालवला. फाइल नीट असूनही स्वस्तातल्या पेनड्राइव्हवर लिहिताना बिघडू शकते. ते इन्स्टॉलेशनच्या मध्यावर कळण्यापेक्षा आत्ता कळलेले बरे.

२ नोव्हेंबर, रविवार

सकाळी मुले यायच्या आत चारही मशीनवर पेनड्राइव्हवरून मिंट नुसते चालवून पाहिले. लाइव्ह चालवताना प्रणाली पेनड्राइव्हवरून आणि रॅममधून चालते, डिस्कला हात लागत नाही. आवाज, पडद्याचे रेझोल्यूशन, नेट, यूएसबीची भोके : तिन्ही पीसींवर सगळे ठीक. लॅपटॉपवर दोन अडचणी : वाय-फाय दिसत नाही आणि आतली एसएसडीही दिसत नाही. त्याच्याकडे शेवटी बघू.

आजची मुख्य नोंद बूट मेनूबद्दल. पीसींवर एफ१२ दाबून मेनू उघडला की तोच पेनड्राइव्ह दोनदा दिसतो. एकदा नुसत्या नावाने, एकदा नावाआधी "यूईएफआय" लावून. कोणता निवडायचा हे विंडोज कसे बसवले आहे त्यावर ठरते. विंडोजमध्ये सिस्टिम इन्फर्मेशन उघडून "बायोस मोड" पाहिला : तिन्ही पीसींवर लेगसी (संगणक सुरू होण्याची जुनी पद्धत), लॅपटॉपवर यूईएफआय (नवी पद्धत). म्हणून पीसींवर नुसत्या नावाचा पेनड्राइव्ह आणि लॅपटॉपवर "यूईएफआय"वाला. इथे गल्लत झाली तरी मिंट बसते, पण दोन प्रणाली दोन वेगळ्या पद्धतींनी सुरू होतात आणि एकाच मेनूतून दोघींकडे जाता येत नाही. नेटवर "मिंट बसवले आणि विंडोज गायब झाले" म्हणून जे रडगाणे दिसते, त्यातले निम्मे तरी इथलेच असावे.

जाता जाता डिस्कांची तब्येतही पाहिली. मिंटच्या डिस्क्स या प्रोग्रॅममध्ये स्मार्टची (डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते तिची) माहिती दिसते. पीसी १ आणि २ निरोगी. पीसी ३च्या डिस्कवर "पेंडिंग सेक्टर" शून्य नाहीत. म्हणजे काही जागा वाचताना डिस्क अडखळते आहे. अशा डिस्कवर पार्टिशन (डिस्कचे भाग) लहान-मोठे करणे म्हणजे हजारो फाइली जागच्या हलवायला लावणे. पीसी ३ला हात लावणार नाही. आधी नवी एसएसडी. समितीपुढे अर्ज ठेवला.

९ नोव्हेंबर, रविवार

आज परीक्षा. अभ्यासिका रिकामी, त्यामुळे दिवसभर निवांत काम करता आले.

काम एकच : मागे येण्याचा रस्ता बांधणे. पीसी १ आणि २वरचा सगळा उपयोगाचा मजकूर बाहेरच्या डिस्कवर घेतला. सूचीच्या सॉफ्टवेअरमधून त्याचा स्वतःचा बॅकअपही वेगळा काढला, कारण चालू असलेल्या डेटाबेसची फाइल नुसती कॉपी केली तर ती अर्धवट येऊ शकते. मग मॅडमना समोर बसवून त्या बॅकअपमधल्या काही फाइली त्यांच्याच हाताने उघडायला लावल्या : १९९८चा अहवाल, वर्गणीदारांची यादी, स्कॅन केलेली जुनी दाखल नोंदवही. उघडून बघितल्याशिवाय बॅकअपला बॅकअप म्हणू नये.

नंतर लाइव्ह मिंटमधून दोन्ही डिस्कांचे पहिले ५१२ बाइट एका फाइलीत उतरवून घेतले. जुन्या पद्धतीच्या एमबीआर डिस्कवर सगळी सूत्रे या ५१२ बाइटांत असतात. पहिले ४४६ बाइट म्हणजे बूट करणारा छोटासा कोड, पुढचे ६४ म्हणजे चार पार्टिशनांचा तक्ता, शेवटचे २ म्हणजे खूण. मिंटचा ग्रब बूटलोडर (प्रणाली सुरू करणारा प्रोग्रॅम) पहिल्या ४४६वर स्वतःचा कोड लिहितो. विंडोजचा कोड फाइलीत ठेवलेला असला की उद्या मिंट नको झाले तरी तेवढेच ४४६ बाइट परत ठेवले की मशीन पहिल्यासारखे. सगळे ५१२ परत लिहायचे नाहीत; मधल्या काळात तक्ता बदललेला असतो, जुना तक्ता वर लिहिला तर नवी पार्टिशन हरवतील. पार्टिशनांची पूर्ण मांडणी मजकूर रूपातही वेगळी उतरवली आणि कागदावर छापून फाइलला लावली.

१५ नोव्हेंबर, शनिवार

जागा करणे. आपल्याकडच्या असेंबल केलेल्या पीसींची ठरलेली रचना असते : सी, डी, ई असे तीन ड्राइव्ह. त्यातला सी प्रायमरी, आणि डी-ई हे एका एक्स्टेंडेड पार्टिशनच्या पोटात. एमबीआरमध्ये प्रायमरी चारच मावतात, पण एक्स्टेंडेडच्या पोटात लॉजिकल कितीही करता येतात, आणि लिनक्सला लॉजिकल पार्टिशन पूर्ण चालते. त्यामुळे ई आकसून घ्यायचा आणि सुटलेल्या जागेत मिंट, असे ठरवले. सीला धक्का नाही.

आधी विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप आणि हायबरनेशन बंद केले. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर "शट डाउन" म्हटल्यावरही विंडोज पूर्ण बंद होत नाही. अर्धी झोपलेली अवस्था डिस्कवर लिहून ठेवते. त्या अवस्थेत दुसऱ्या प्रणालीने त्याच ड्राइव्हवर काही लिहिले तर उठल्यावर विंडोजच्या समजुतीत आणि डिस्कवरच्या वस्तुस्थितीत फरक पडतो आणि फाइली खराब होतात. पुढे काही वर्षे या मशीनवर दोन्ही प्रणाली नांदणार आहेत, तेव्हा ही सेटिंग कोणी परत चालू करू नये.

ई आकसायला विंडोजचेच डिस्क मॅनेजमेंट वापरले. एनटीएफएस (विंडोजची फाइली ठेवण्याची पद्धत) ज्याचे आहे त्यानेच ते हलवलेले चांगले. पीसी २वर सरळ १०० जीबी सुटले. पीसी १वर मात्र ई जवळजवळ रिकामा असूनही फक्त ३० जीबी सोडायला तयार. कारण इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सापडते : अॅप्लिकेशन लॉगमध्ये क्रमांक २५९ची नोंद बघायची, तिथे कोणती न हलणारी फाइल आडवी आली तिचे नाव असते. इथे ती सिस्टिम रिस्टोअरची निघाली. ई ड्राइव्हचे रिस्टोअर पॉइंट पुसले, पुन्हा विचारले, १०० जीबी मोकळे.

इथे आठवड्यातून एकदा देखभालीसाठी वीज जाते, तो वार टाळलाच होता. शिवाय युपीएसची बॅटरी कालच वायर काढून तपासली.

१६ नोव्हेंबर, रविवार

पीसी १ आणि २वर मिंट बसले.

इन्स्टॉलर "विंडोजशेजारी बसवा" असा सोपा पर्याय देतो. मी तो घेत नाही, "काहीतरी वेगळे" हाच घेतो. जागा मी मोकळी केलेली आहे, तेव्हा नेमकी तीच जागा वापरली जाते आहे हे डोळ्यांनी दिसायला हवे. ४० जीबी मूळ प्रणालीला, उरलेले ६० होमला (वापरणाऱ्यांच्या फाइलींचा भाग). स्वॅप (रॅम अपुरी पडली तर वापरायची जागा) वेगळा केला नाही, मिंट स्वतःची स्वॅप फाइल करून घेते. होम वेगळा ठेवण्याचा फायदा असा की पुढे कधी मिंट नव्याने बसवावे लागले तरी मुलांच्या फाइली जागच्या जागी राहतात.

खाली एक छोटी चौकट असते : बूटलोडर कोणत्या डिस्कवर टाकायचा. सगळ्या इन्स्टॉलेशनमध्ये हीच चौकट सगळ्यात महत्त्वाची. पीसी १वर हार्ड डिस्क एसडीए आणि पेनड्राइव्ह एसडीबी; पीसी २वर उलटे. नावावर जायचेच नाही, आकार बघायचा. ५०० जीबी म्हणजे हार्ड डिस्क, १६ जीबी म्हणजे पेनड्राइव्ह. पेनड्राइव्हवर बूटलोडर गेला तर पेनड्राइव्ह लावल्याशिवाय मिंट सुरू होणार नाही.

दोन्हीकडे रीस्टार्टनंतर ग्रबचा मेनू आला. वर मिंट, खाली विंडोज १०. आधी मुद्दाम विंडोज उघडले. सूचीचे सॉफ्टवेअर, प्रिंटर, ई ड्राइव्हवरच्या फाइली, सगळे पूर्वीसारखे आहे हे मॅडमना दाखवले. मगच मिंटकडे वळलो.

पीसी १वर ग्रबला सांगून ठेवले की शेवटी जी प्रणाली उघडली होती तीच पुढच्या वेळी पहिली धरायची. मॅडमना रोज बाण दाबत बसायला नको. पीसी २ अभ्यासिकेतला, तिथे मिंटच पहिले.

१७ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी मॅडमचा फोन : "अहो, पीसीवरचं घड्याळ चुकतंय. सकाळचे अकरा वाजलेत आणि हा साडेपाच दाखवतोय."

साडेपाच तास मागे, हा आकडा ऐकला की निदान झालेच. मदरबोर्डवर एक घड्याळ असते. विंडोज त्यातली वेळ स्थानिक धरते, लिनक्स ग्रिनिच धरते. मिंटने तिथे ग्रिनिचची वेळ लिहिली आणि विंडोजने ती भारताची म्हणून वाचली. उपाय दोन : विंडोजच्या रजिस्ट्रीत बदल करायचा किंवा लिनक्सला स्थानिक वेळ ठेवायला सांगायचे. मी दुसरा केला. एका ओळीच्या आज्ञेचे काम. लिनक्स त्यावर सावधगिरीची सूचना देते, कारण उन्हाळ्यात घड्याळ पुढे-मागे करणाऱ्या देशांत यातून घोळ होतो. आपल्याकडे तो प्रकार नाही, वर्षभर एकच वेळ. आणि विंडोजला शक्य तिथे हात लावायचा नाही, हे या कामाचे सूत्रच आहे.

२२ नोव्हेंबर, शनिवार

पीसी २ची वेगळी तक्रार : रोज सकाळी तारीख २०१४ची, आणि ब्राउझर प्रत्येक पानाला सुरक्षेचा इशारा देतो. वाचनालय बंद करणारे काका रात्री मेन स्विच बंद करून जातात, म्हणजे मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी संपली. सीआर२०३२, तीन व्होल्टची, घड्याळाच्या दुकानातही मिळते. बदलली. तारीख चुकली की संकेतस्थळांची सर्टिफिकेटे अजून सुरू न झालेली ठरतात, म्हणून तो इशारा. बॅटरी गेल्यावर बायोसच्या सेटिंगही मूळपदावर जातात, त्यामुळे बूटचा क्रम परत लावून घेतला. दहा वर्षांच्या आसपासच्या कोणत्याही पीसीवर काम करायला जाताना ही बॅटरी खिशात असावी.

दुपारी मराठी. माझ्या दृष्टीने इन्स्टॉलेशन इथे पूर्ण होते, त्याआधी नाही. अभ्यासिकेतल्या संगणकावर बसल्या बसल्या मराठी लिहिता आले पाहिजे, शोधत बसावे लागता कामा नये. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठीची इनस्क्रिप्ट मांडणी जोडली, इंग्रजी-मराठी बदलायला एकच की ठरवली आणि ती पट्टीवर दिसेल अशी केली. ज्यांना रोमन अक्षरांतून मराठी लिहायची सवय आहे त्यांच्यासाठी आयबस हा टाइपिंगचा प्रोग्रॅम टाकून त्यात गमभनची पद्धत ठेवली.

इनस्क्रिप्ट शिकायला आलेल्या एका मुलीला "दुसऱ्या" हा शब्द लिहायचा होता. तिला तो "दुसर्या" असाच जमत होता. साध्या रच्या कीवरच शिफ्ट धरायचा : शिफ्ट-जे, मग डी म्हणजे हलन्त, मग तिरक्या रेघेची की म्हणजे य. पडद्यावर रची ती छोटी आडवी कोयरी उमटली तशी ती म्हणाली, "दादा, हे मी इतके दिवस दुसरीकडून कॉपी करून चिकटवत होते." तिने लगेच तऱ्हा, पाऱ्याचा, सुऱ्या असे शब्द लिहून पाहिले. लिबर ऑफिसमध्ये, ब्राउझरमध्ये आणि फाइलीच्या नावात, तिन्ही ठिकाणी तो र नीट दिसतो याची खात्री केली. फॉन्ट म्हणून नोटो देवनागरी आणि मुंबईच्या "एक टाइप" या संस्थेचा "मुक्त" हे दोन ठेवले. दोन्ही मुक्त परवान्याचे, वाचायला स्वच्छ.

जुन्या फॉन्टमधले अहवाल युनिकोडमध्ये आणायचे काम मोठे आहे. त्याची वेगळी वही होईल.

२९ नोव्हेंबर, शनिवार

लॅपटॉप. आज इन्स्टॉलेशन केलेच नाही, दिवस तयारीतच गेला आणि तो जाणारच होता.

पहिली गोष्ट : डिस्क एन्क्रिप्ट केलेली आहे. विंडोज १० होममध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन आपोआप चालू झालेले असू शकते आणि तिची रिकव्हरी की पहिल्या मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन बसते. ज्यांनी लॅपटॉप दिला त्यांना मुंबईला फोन केला. त्यांनी खात्यात जाऊन की शोधली आणि फोनवर वाचून दाखवली : अठ्ठेचाळीस अंक, सहा-सहाचे आठ गट.

ती उतरवून घेताना एक युक्ती फार उपयोगी पडते. या कीतला प्रत्येक सहा अंकी गट ११ने भागला जातो, ती तशीच बनवलेली असते. म्हणजे एकाआड एक अंकांच्या दोन बेरजा करायच्या. त्यांतला फरक शून्य किंवा ११च्या पटीत आला तर गट बरोबर उतरला. परवाची तीच मुलगी शेजारी होती. स्पर्धा परीक्षेच्या अंकगणितात विभाज्यतेच्या कसोट्या पाठ असतात, तिने आठही गट तोंडी तपासले. पाचव्या गटात फरक ४ आला. परत विचारले, फोनवर एक अंक चुकीचा ऐकू आला होता. दुरुस्त केल्यावर शून्य. की कागदावर लिहून लिफाफ्यात बंद केली आणि मॅडमच्या कपाटात ठेवली.

की हातात आल्यावरच एन्क्रिप्शन बंद केले. हा लॅपटॉप सगळ्यांच्या वापराचा, त्यात कोणाचे खासगी काही राहणार नाही, म्हणून हा निर्णय. स्वतःच्या लॅपटॉपवर मी तो घेतला नसता.

दुसरी गोष्ट : मिंटला एसएसडी न दिसण्याचे कारण बायोसमध्ये डिस्क कंट्रोलर रेड (अनेक डिस्का एकत्र चालवण्याच्या) पद्धतीवर ठेवलेला आहे. तो एएचसीआय या साध्या पद्धतीवर आणावा लागतो. सरळ बदलला तर विंडोज निळा पडदा दाखवून थांबते, कारण सुरू होताना लागणारा ड्रायव्हर तिने जागाच केलेला नसतो. योग्य क्रम असा : आधी विंडोजला पुढच्या वेळी सेफ मोडमध्ये सुरू व्हायला सांगायचे, रीस्टार्ट करताना बायोसमध्ये एएचसीआय करायचे, सेफ मोडमध्ये विंडोज एकदा पूर्ण उघडू द्यायचे म्हणजे ती हवा तो ड्रायव्हर घेते, मग सेफ मोडची अट काढायची. तसे केले. विंडोज नेहमीसारखे उघडले, आणि लाइव्ह मिंटमध्ये एसएसडी दिसली.

३० नोव्हेंबर, रविवार

लॅपटॉपवर मिंट बसले. सिक्युअर बूट (फक्त सही असलेलीच प्रणाली सुरू होऊ देणारी सोय) चालूच ठेवले. ते बंद करा असा सल्ला सर्रास दिला जातो, पण मिंटचा पहिला बूट-दुवा, शिम, मायक्रोसॉफ्टच्या सहीचा असतो, त्यामुळे बंद करण्याची गरज नसते. आयएसओ मात्र ताजी हवी. ऑगस्ट २०२४च्या विंडोज अपडेटनंतर जुन्या शिमची पेनड्राइव्ह बऱ्याच मशीनवर "सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन" म्हणून नाकारली जाऊ लागली. २२.२ला तो अडथळा आला नाही.

इथे पार्टिशन सोपे : जीपीटी या नव्या पद्धतीची डिस्क, प्रायमरी-लॉजिकलची भानगड नाही. विंडोजचे आधीचे ईएफआय पार्टिशन तसेच वापरायचे, फॉरमॅट करायचे नाही. त्यात दोन्ही प्रणालींचे आपापले फोल्डर असतात आणि ते एकमेकांच्या वाटेला जात नाहीत. मिंटच्या फोल्डरचे नाव "उबुंटू" असते. ते परके समजून कोणी पुसू नये, म्हणून ही ओळ.

वाय-फायसाठी मोबाइल यूएसबी केबलने जोडून त्याचे नेट घेतले आणि ड्रायव्हर मॅनेजरमधून चिपचा ड्रायव्हर टाकला. हा ड्रायव्हर मशीनवरच बांधला जातो, त्यावर मायक्रोसॉफ्टची सही नसते. म्हणून सिक्युअर बूट चालू असताना मशीनची स्वतःची की नोंदवावी लागते. ड्रायव्हर टाकताना एक तात्पुरता पासवर्ड ठरवायचा, रीस्टार्टला निळा पडदा येतो, त्यावर "एनरोल एमओके" निवडून तोच पासवर्ड द्यायचा. हा पडदा दहाच सेकंद थांबतो. त्यात कोणतीही की दाबली नाही तर मशीन पुढे निघून जाते आणि वाय-फाय चालत नाही, कारण मात्र कुठे दिसत नाही. ज्यांना इथे अडायला होते त्यांनी नोंदणीची विनंती पुन्हा पाठवून रीस्टार्ट करावे, पडदा परत येतो.

७ डिसेंबर, रविवार

वापराची घडी बसवली. अभ्यासिकेच्या दोन्ही मशीनवर पाहुणा खाते सुरू केले : मुलाने लॉग आउट केले की त्याच्या फाइली, पासवर्ड, ब्राउझरचा इतिहास सगळे आपोआप जाते. सरकारी संकेतस्थळांवर आधार आणि जातीचे दाखले चढवणारी मुले आहेत, त्यांच्यानंतर बसणाऱ्याला त्यातले काही दिसता कामा नये. जपून ठेवायचे ते आपापल्या पेनड्राइव्हवर. तसा कागद भिंतीवर लावला. प्रशासनाचा पासवर्ड वेगळा, मॅडम आणि सर यांच्याकडेच.

झेरॉक्सच्या दुकानातून फिरून आलेल्या पेनड्राइव्हवर शॉर्टकट करणारा व्हायरस हमखास असतो. मिंटवर तो चालत नाही, फोल्डर खरे आहेत तसे दिसतात. पण छपाईसाठी तोच पेनड्राइव्ह पीसी १च्या विंडोजला लावला तर तिथे शिरू शकतो. म्हणून छपाईची फाइल आधी मिंटमध्ये पीडीएफ करून वाचनालयाच्या स्वतःच्या पेनड्राइव्हवर घ्यायची आणि तोच पीसी १ला लावायचा, असा नियम केला. काकांनी तो लगेच उचलला. मुलांना आता तेच बजावतात.

२१ डिसेंबर, रविवार

पीसी १, पीसी २ आणि लॅपटॉप सुरळीत. पीसी १वर मॅडम सकाळी सूचीसाठी विंडोज उघडतात आणि दुपारी पत्रव्यवहाराला मिंट. पत्रे आता युनिकोडमध्ये होऊ लागली आहेत. सूचीचा बॅकअप दर शनिवारी बाहेरच्या डिस्कवर.

पीसी ३ बंदच आहे. समितीने २४० जीबीच्या एसएसडीला मंजुरी दिली, माल यायचा आहे. तिच्यावर विंडोज नको, फक्त मिंट. दुसऱ्या विंडोजची वाचनालयाला गरज उरलेली नाही. जुन्या डिस्कवरचा मजकूर त्याआधी केवळ-वाचनाच्या पद्धतीने जोडून काढून घ्यायचा.

जून २०२६मध्ये सिक्युअर बूटच्या २०११च्या सर्टिफिकेटची मुदत संपते. बसवलेली प्रणाली त्याने बंद पडत नाही, पण पुढच्या शिमवर २०२३च्या सर्टिफिकेटची सही असेल. त्याआधी लॅपटॉपचे फर्मवेअर अपडेट आले आहे का ते बघून ते बसवायचे. मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी हे काम धरले आहे.